मच्छीमाराला वगळून समुद्र सावरत नाही

पापलेटचा भाव चढला की कोल्हापुरात एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: "समुद्रातला मासा मच्छीमारांनीच संपवला. त्यांना शास्त्र कळत नाही, त्यामुळं त्यांच्या सहभागानं संशोधन वगैरे सगळं थोतांड. शास्त्रज्ञांना उपग्रहावरून मासा दिसतो, त्यांनाच ठरवू द्या. दोन वर्षं मासेमारी कडक बंद ठेवा, समुद्र आपोआप भरेल. आणि आपण घाटावरची माणसं, आपल्याला काय त्याचं?" चांगली शिकलेली माणसं हा मजकूर पुढं पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

"मासा मच्छीमारांनीच संपवला." यात थोडं तथ्य आहे. अंडी घालायच्या आधीच मासा जाळ्यात येतो आणि तो पकडणारी माणसंच असतात. पण किनाऱ्यावर उभं राहून गावकीनं रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढणारा, दोन-तीन खलाशी घेऊन जाणारा छोट्या होडीवाला आणि रात्री पाण्यावर एलईडीचा झोत टाकून थवाच्या थवा उचलणारा, या सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभं करायचं? मालवणच्या किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीन (थवा घेरून उचलणारं मोठं जाळं) आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलर (मागं जाळं ओढत नेणाऱ्या यंत्रबोटी) यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत आलेत. राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर हंगामाचं आणि क्षेत्राचं बंधन घातलं, केंद्रानं २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली. मासा वाचवा म्हणून ओरडणारे पहिले लोक मच्छीमारच होते. त्यांनाच आरोपी करणं हा अन्याय आहे.

"त्यांना शास्त्र कळत नाही." याचं उत्तर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडनं फार मोठी किंमत मोजून दिलंय. तिथला कॉड मासा शेकडो वर्षं जगाला पुरला. १९८० च्या दशकात किनाऱ्यालगत छोट्या बोटींनी मासेमारी करणारे सांगत होते की मासा कमी झालाय, आकारानं लहान होत चाललाय. सरकारी अंदाज मात्र खोल समुद्रातल्या सर्वेक्षणावर आणि मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर बेतलेला होता. मोठ्या जहाजांकडं उरलासुरला थवा हुडकून काढणारी यंत्रं होती, त्यामुळं त्यांची जाळी भरतच राहिली आणि कागदावर समुद्रही भरलेला दिसला. अंदाज चुकला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. शास्त्रज्ञ लबाड नव्हते. त्यांच्या आकड्यांत किनाऱ्यावरच्या माणसाचं निरीक्षण धरलंच नव्हतं.

आता आपल्याकडं या. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटचं गाव. पिल्लांची मासेमारी थांबवा, ही मागणी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्था कित्येक वर्षं लावून धरत होत्या. पापलेटला राज्यमासा करा, हीसुद्धा तिथल्याच मच्छीमारांची मागणी. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे सव्वापाच इंचांहून किंचित जास्त. संस्थेच्या मोजमापाला आणि गावाच्या हट्टाला एकाच वर्षी फळ आलं.

"उपग्रहावरून मासा दिसतो." नाही दिसत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना रोज मासळीच्या संभाव्य क्षेत्राची सूचना देते आणि ते काम मोलाचं आहे. पण उपग्रहाला कळतं ते पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्याचा म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज येतो आणि जिथं खाद्य तिथं मासा असेल असा तर्क बांधला जातो. तिथं प्रत्यक्षात बांगडा होता की तारली, केवढा होता, पोटात गाबोळी म्हणजे अंडी होती का, हे जाळं वर ओढणाऱ्या तांडेलालाच, म्हणजे बोटीच्या कप्तानालाच माहीत. त्याच्याकडून ते कुणी लिहून घेतलं नाही तर वरचा नकाशा अर्धाच राहतो.

इथंच "सहभागातून संशोधन म्हणजे थोतांड" या वाक्याला उत्तर मिळतं. आपल्या गावातली दूध संस्था आठवा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचं लिटर आणि फॅट वहीत चढतं, म्हणून कुणाच्या गोठ्यात काय बिघडलंय ते आठवड्यात कळतं. बोटींचंही तसंच. आज किती वाव (खोलीचं माप) पाण्यात जाळं टाकलं, जाळ्याचा आस म्हणजे भोक केवढं, कोणता मासा किती आला, त्यातला कोवळा किती, एवढं बोटीवाल्यांनी रोज लिहिलं आणि अभ्यासकांनी ते ताडून पाहिलं, की दोन-तीन हंगामांत चित्र उभं राहतं. लक्षद्वीपमध्ये मच्छीमार स्वतःच्या पकडीच्या अशा नोंदी ठेवतात. कुठल्याही सरकारी बोटीला रोज इतक्या ठिकाणी पोचता येणार नाही.

सिंधुदुर्गात असं काम आणखी पुढं गेलं होतं. ट्रॉलच्या जाळ्याचा शेवटचा भाग, खोळा, नेहमी तिरक्या आसाचा असतो. बोट ओढायला लागली की ताण बसून ते आस मिटतात आणि बोटभर पिल्लूसुद्धा बाहेर पडू शकत नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं सुचवलेल्या खोळ्यात आस चौकोनी असतात. ओढ बसली तरी ते उघडे राहतात आणि लहान मासा निसटून जातो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पात हे ४० मिलिमीटर आसाचे खोळे मालवणच्या ट्रॉलरना दिले गेले. प्रयोगशाळेत जाळं कितीही चांगलं ठरो, आज रात्री पकड किती घटेल आणि डिझेल निघेल का, हा तांडेलाचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर त्याच्याच बोटीवर, त्याच्याच डोळ्यांसमोर मिळावं लागतं. नाहीतर नवा खोळा बंदरावरच्या खोलीत पडून राहतो.

आणखी एक उदाहरण. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी (व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो द्यावा लागतो. त्यातून प्राणी वाचतो, शिवाय कोणता प्राणी कुठल्या बंदरासमोर, कोणत्या महिन्यात येतो याची नोंदही तयार होते.

"दोन वर्षं कडक बंद ठेवा." हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त घातक आहे. न्यूफाउंडलंडची बंदीसुद्धा सुरुवातीला दोनच वर्षांची जाहीर झाली होती. ती अधिकृतपणे उठली २०२४ मध्ये. मधल्या ३२ वर्षांत गावंच्या गावं ओस पडली आणि तरीही कॉड पहिल्यासारखा झाला नाही. आपल्याकडं १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहेच आणि ती हवीच. पण केरळात पावसाळी बंदी असतानाही तारलीचं उत्पादन २०१२ मधल्या सुमारे ४ लाख टनांवरून २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आलं. तारलीचं गणित समुद्राच्या तापमानावर, पावसावर आणि खाद्यावर फिरतं. नुसतं टाळं लावून ते सुटत नाही.

बंदी लागू पडते ती कुठं? केरळातच, कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत. तिथल्या खाण्याच्या शिंपल्या, म्हणजे आपल्या तिसऱ्यांचीच जात, १९९० च्या दशकात अती उपशानं झपाट्यानं घटल्या. मग शिंपल्या काढणारी माणसं आणि संशोधक एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या महिन्यांत उपसा बंद, जाळ्याचा आस किमान ३० मिलिमीटर, असे नियम ठरले आणि टिकले. २०१४ मध्ये या मत्स्यक्षेत्राला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. फरक इतकाच की तिथं बंदीचे महिने शिंपलीच्या आयुष्याकडं बघून ठरले आणि नियम पाळणारी माणसं ते ठरवायला हजर होती. दोन वर्षं सरसकट बंद म्हणणाऱ्यानं एवढं तरी सांगावं की तेवढे दिवस खलाशाची चूल आणि मासळी विकणाऱ्या बाईची पाटी कशी चालायची.

गावकऱ्यांच्या सहभागाला मर्यादा आहेत, हेही सांगतो. गावानं पाळलेला नियम बाहेरची बलाढ्य बोट एका रात्रीत मोडते. १२ सागरी मैलांच्या आतली गस्त सरकारनंच घालायची असते, ती बचत गटावर ढकलता येत नाही. ही तक्रार मच्छीमारच सगळ्यात मोठ्यानं करतात.

राहिलं "आपण घाटावरची माणसं." पंचगंगा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडं जाते हे खरं, पण आपल्या ताटातला मासा येतो आंबा आणि गगनबावड्याच्या घाटातून, रत्नागिरी, देवगड, मालवणहून. तळहातापेक्षा लहान पापलेट "कोवळं आहे, गोड लागतं" म्हणून आपणच मागतो, आणि गिऱ्हाईक आहे म्हणूनच ते बर्फात भरून वर चढतं. सव्वापाच इंच मोजायला शाळेतली पट्टी पुरते. ती घेऊन जायला नको वाटत असेल तर विक्रेतीला विचारा, "मावशी, याहून मोठं नाही का?" मोठं नसेल तर त्या दिवशी बांगडा घ्या.