ड्रॅगनला सॉर्सररच्या चार लेव्हल? कशाला?

'माझा ड्रॅगन तीन राउंडमध्ये मेला हो,' असं रडगाणं घेऊन नवा डीएम (खेळ चालवणारा, मॉन्स्टरच्या बाजूने खेळणारा) आला की डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा भूमिका-खेळ, खेळणाऱ्यांच्या घोळक्यात एक सल्ला हमखास मिळतो: क्लास (सॉर्सरर, फायटर असा खेळाडूंच्या पात्रांचा पेशा) दे त्याला. चार-पाच लेव्हल चढव. मॉन्स्टर ताकदवान होतो, खेळाडूंचेच नियम त्याला लागल्याने न्याय होतो, सीआर (मॉन्स्टर किती अवघड, त्याचा आकडा) नीट मोजता येतो, त्याला व्यक्तिमत्त्व येतं, आणि मुळात पुस्तकच परवानगी देतं. सल्ला देणाऱ्याचा सूर असा, की यावर कोणी शंका घेतली तर तो खेळातलाच नाही.

मी हा सल्ला पाळून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी ताकद. पाचव्या आवृत्तीतल्या, 2014च्या पुस्तकातल्या प्रौढ लाल ड्रॅगनचा सीआर 17, हिट पॉइंट (किती मार सोसेल, तो आकडा) 256. मी शुक्रवारी रात्री जागून त्याला सॉर्सररच्या (उपजत जादूगाराच्या) चार लेव्हल दिल्या. पाच कॅन्ट्रिप (हव्या तितक्या वेळा टाकायच्या छोट्या जादू) निवडल्या, पाच स्पेल (मोठे मंत्र) निवडले, दोन मेटामॅजिक (स्पेल वाकवायच्या युक्त्या) निवडली. सबक्लासही घ्यावा लागतो. मी 'अंगात ड्रॅगनचं रक्त असलेला' घेतला, म्हणजे आजोबांनाच नातवाच्या वंशावळीत बसवलं. पन्नासेक हिट पॉइंट वाढले. शनिवारी पाच खेळाडूंसमोर तो चौथ्या राउंडला आडवा झाला. स्पेल टाकायच्या सात स्लॉटपैकी (संधींपैकी) पाच तसेच शिल्लक.

कारण साधं आहे. या ड्रॅगनची आगीची फुंकर 18d6 (सहा बाजूंचे अठरा फासे) इतकी इजा करते, सरासरी 63. एक चावा आणि दोन पंजे सगळे लागले तर सरासरी 56. चार लेव्हलच्या सॉर्सररकडे सर्वांत वरचे स्पेल दुसऱ्या पातळीचे. त्यातला स्कॉर्चिंग रे तिन्ही किरण लागले तरी 21. म्हणजे स्पेल टाकायला वळण खर्चलं की ड्रॅगन आधीपेक्षा दुबळाच होतो. एकट्या मॉन्स्टरला स्पेलची टंचाई नसते, वळणांची असते. समोरचे पाच जण पाच वेळा खेळतात आणि हा एकदा. म्हणून तर त्याला राउंडला, इतरांच्या वळणांनंतर वापरायच्या, तीन लेजंडरी अ‍ॅक्शन दिलेल्या आहेत. क्लासने त्यात एकाचीही भर पडत नाही.

एक मात्र कबूल करतो. त्या रात्री एक क्षण खरंच जमून आला. क्विकन्ड स्पेल (त्याच वळणात जादा म्हणून स्पेल टाकायची मेटामॅजिक) वापरून ड्रॅगनने फायटरवर होल्ड पर्सन हा जखडणारा स्पेल टाकला आणि त्याच वळणात फुंकर सोडली. जखडलेल्या माणसाचा डेक्स्टॅरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्यासाठी टाकायचा फासा) आपोआप फसतो. फायटरवाल्याने हातातला फासा तसाच टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. आजही त्या लढाईचं सगळ्यांना एवढंच आठवतं. पण हे करायला पानभर क्लास कशाला हवा होता? 'दिवसातून दोनदा बोनस अ‍ॅक्शनने होल्ड पर्सन, सेव्ह 19' ही एक ओळ ड्रॅगनच्या कार्डावर लिहिली असती तरी भागलं असतं, आणि शुक्रवारी मी झोपलो असतो.

आता न्याय. 'नियम दोघांना सारखे' ही गोष्ट 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत मनावर घेतली गेली. मॉन्स्टरलाही सहा अ‍ॅबिलिटी, फीट, स्किल, सगळं. ऐकायला समतेचं वाटतं, पण खेळाडूचा क्लास दिवसभर पुरायला बांधलेला असतो. 2014चं डीएमचं पुस्तक एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड चकमकी धरतं. स्लॉट जपून वापरणं, मध्ये विश्रांती घेणं हा त्यातला खेळ आहे. बॉस मॉन्स्टर चार राउंड जगतो. काटकसरीने संसार करायची विद्या त्याच्या काय कामाची? पुढे ही गोष्ट कर्त्यांच्याही लक्षात आली असावी. पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या पुस्तकातला लिच (मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार) अठराव्या लेव्हलच्या विझार्डसारखे (अभ्यासाने जादू शिकलेल्यासारखे) स्पेल टाकतो, पण स्पेल मास्टरीसारखी विझार्डची बाकीची मिळकत त्याच्याकडे नाही. आणि 2022च्या मॉन्स्टरसंग्रहात तर अनेक जादूगार मॉन्स्टरचे स्लॉटच काढून 'दिवसातून एकदा', 'दिवसातून दोनदा' असं सरळ लिहून टाकलं.

सीआरचा हिशोब म्हणाल तर हसू येतं. 3.5 या आवृत्तीत नियम असा: मॉन्स्टरच्या मूळ बळाला साजेसा क्लास दिला तर दर लेव्हलला सीआर एकाने वाढतो, न साजेसा दिला तर अर्ध्याने, आणि तोही क्लासच्या लेव्हल मूळ हिट डायइतक्या (मॉन्स्टरचे हिट पॉइंट ठरवणाऱ्या फाशांइतक्या) होईपर्यंत. फ्रॉस्ट जायंटचे हिट डाय 14, सीआर 9. त्याला विझार्डच्या 14 लेव्हल द्या, सीआर 16 झाला. कागदावर चोख. पण पुस्तकातल्या या जायंटची बुद्धी 10, आणि विझार्डला स्पेलच्या पातळीत 10 मिळवून येईल तेवढी बुद्धी लागते. म्हणजे हे महाशय 14 लेव्हल शिकून फक्त शून्य पातळीचे स्पेल टाकणार. बुद्धीचे आकडे वाढवून घेतलेत तर मग सीआर मोजला कोणी, नियमाने की तुम्ही?

व्यक्तिमत्त्वाचा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो, आणि त्यावर बोलायला आपण मराठी खेळाडू जरा जास्त हक्कदार आहोत, कारण या खेळात 'राक्षस' नावाचाच मॉन्स्टर 1975पासून आहे. वाघाचं डोकं, उलटे तळहात, आणि जुन्या आवृत्त्यांत मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरणारा. (हा क्रॉसबो आपल्या कुठल्या पुराणातून उचलला, हे कोणी सांगितलं तर मी चहा पाजीन.) 3.5मध्ये तो सातव्या लेव्हलच्या सॉर्सररसारखे स्पेल टाकायचा. हे कोणाला आठवतं? आठवतं ते दुसरंच: पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या पुस्तकात सहाव्या आणि त्याखालच्या पातळीचा कुठलाही स्पेल त्याच्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध चालत नाही, पण सज्जनाच्या हातातलं टोकदार जादुई शस्त्र त्याला दुप्पट लागतं.

हा चक्क वर आहे, फटीसकट. रावणाने वर मागताना माणूस वगळला. हिरण्यकशिपूने दिवस आणि रात्र दोन्ही मागून घेतले आणि संध्याकाळ राहून गेली. यांची लेव्हल किती, असं आजीला कधी कोणी विचारलं नाही. फट कुठे आहे तेवढंच विचारलं. मॉन्स्टर लक्षात राहतो तो असल्या अटीने.

'पुस्तकच परवानगी देतं' हे खरं आहे. 2014च्या डीएमच्या पुस्तकात तसा मजकूर आहे, आणि उदाहरण कशाचं? चार लेव्हलचा बार्बेरियन झालेल्या वेअरवुल्फचं (लांडगा होणाऱ्या माणसाचं). ड्रॅगनसाठी मात्र त्याच वर्षीच्या मॉन्स्टरच्या पुस्तकात वेगळी चौकट आहे: करिझ्मा मॉडिफायरइतके (त्याच्या व्यक्तिप्रभावावरून मिळणाऱ्या आकड्याइतके) स्पेल, प्रत्येक दिवसातून एकदा, पातळी सीआरच्या एक तृतीयांशापर्यंत. लाल ड्रॅगनला लावून बघा. पाच स्पेल, थेट पाचव्या पातळीपर्यंतचे, एकही लेव्हल न चढवता. मी रात्र जागून दुसऱ्या पातळीपर्यंत पोहोचलो होतो.

'पहिल्यापासून असंच आहे' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: 1974च्या मूळ पुस्तिकांत ड्रॅगन होऊन खेळायची मुभा आहे, पण ती खेळाडूला, आणि सुरुवात लहान ड्रॅगनपासून करायची अट घालून.

क्लास सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. सात हिट पॉइंटच्या गॉब्लिनला 'रोग' या चोरट्यांच्या क्लासच्या तीन लेव्हल द्या, तो वेगळाच प्राणी होतो, कारण त्याच्याकडे आधी काहीच नव्हतं. दहा सत्रं पाठलाग करणारा हॉबगॉब्लिन सेनापती असेल तर जरूर द्या, त्याला तेवढा वेळ आहे.

माझ्या पुढच्या ड्रॅगनच्या कार्डावर पुस्तकातल्या आकड्यांखाली एकच ओळ वाढवली आहे: 'जो आपलं खरं नाव सांगून समोर येईल, त्याच्यावर हा आग सोडू शकत नाही.' आमच्या टेबलावरचा बार्ड (भाट) आजवर कोणालाच खरं नाव सांगत आलेला नाही, तेव्हा ड्रॅगन निदान पाचव्या राउंडपर्यंत टिकेल.