कन्फ्यूशियसचा आणि ‘कन्फ्यूज’चा काहीही संबंध नाही

अमळनेरला कॉलेजात असलेल्या भाचीने एक पोस्ट पाठवली आणि विचारलं, “मामा, हाई खरं शे का?” तिच्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर ती सामान्यज्ञान म्हणून फिरतेय. दावा असा: चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचं बोलणं कुणालाच कळायचं नाही, म्हणून इंग्रजांनी त्याच्या नावावरून ‘कन्फ्यूज’ हा शब्द काढला, त्याआधी त्यांच्याकडे गोंधळाला शब्दच नव्हता. खाली आणखी एक जोड, की मुळात हा शब्द आपल्या ‘कानाफुसी’वरून गेला.

खरं नाही. आधी काळ बघा. बायबलचा लॅटिन अनुवाद इसवी सन 400च्या सुमारास झाला. त्यात बाबेलच्या मनोऱ्याच्या गोष्टीत देव माणसांच्या भाषेचा गोंधळ करतो, तिथे ‘कन्फुसुम’ हाच शब्द आहे. मूळ क्रियापद ‘कन्फुंडेरे’, म्हणजे एकत्र ओतणं. दादर ज्वारी आणि बाजरी एकाच पोत्यात ओतल्यावर निवडता येत नाही, तसं. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि 1400 साली वारलेल्या चॉसर या इंग्रज कवीच्या लेखनातही सापडतो. ‘कन्फ्यूशियस’ हे नाव मात्र युरोपला कळलं ते सोळाव्या-सतराव्या शतकात, चीनला गेलेल्या जेझुइट पाद्र्यांमुळे. ‘कोंग फूत्झू’ म्हणजे कोंग गुरुजी. त्याचं त्यांनी लॅटिन रूप केलं. मग नावावरून शब्द निघेलच कसा?

आणि त्याचं बोलणं कळत नव्हतं, हे तर निव्वळ खोटं. मला सर्वात जास्त संताप याचाच आहे. ‘जे स्वतःला नको वाटतं ते दुसऱ्याशी करू नये’ हे त्याचं वचन आहे. यात न कळण्यासारखं काय आहे? ज्या अमळनेरात प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथल्या पोरांनी एवढ्या मोठ्या शिक्षकाबद्दल हे पाठ करायचं?

गोंधळाला शब्द नव्हता म्हणे! इंग्रजीत ‘मेझ’ हा शब्द 1300च्या सुमारास याच अर्थाने वापरात होता. कानाफुसीला कसलाच पुरावा नाही, आणि एकाच शब्दाचे दोन बाप एकाच पोस्टमध्ये सांगणाऱ्याने निदान एक तरी ठरवायचा.

एवढं मान्य करतो की दोन्ही शब्द इंग्रजीत पोचले ते लॅटिनच्या वाटेने, म्हणून कानाला सारखे लागतात. पण नातं तिथेच संपतं. ग्रुप चालवणाऱ्या सरांनी ही पोस्ट आजच काढावी. पोरं ती वहीत उतरवून घेताहेत.