गोऱ्यांचेच अश्रू किती पाहायचे?

वंशभेदावरचा सिनेमा म्हटला की कॅमेरा हमखास गोऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर! २०१८ चा 'ग्रीन बुक' पाहा. अपमान गिळतो काळा पियानोवादक, गोष्ट मात्र त्याच्या गोऱ्या ड्रायव्हरची. ऑस्करमध्येही हा पियानोवादक साकारणाऱ्या माहेरशाला अलीला बक्षीस मिळालं ते सहायक अभिनेत्याचं! ज्यानं सोसलं तोच सहायक? डोकंच फिरतं.

आणि हे पाहून हुंदके देणारी आमची नागपूरची मंडळी! बर्डीवर तर्री-पोहे खात उभी असलेली ईशान्येकडची पोरगी दिसली, की एकमेकांना कोपर मारून 'चिंकी, चिंकी' करत हसतात. तिला ऐकू जातं. अर्धी प्लेट तशीच ठेवून ती निघून जाते. टोकलं तर वर मलाच, "गंमत केली नं बाप्पा, तू कायले मनावर घेते?"

कायले नाही घेऊ?