‘डिझेल इंजेक्टर दोन मिनिटांत ओळखा’ म्हणणाऱ्यांना

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारल्या की इंजिनांची कामं निघतात आणि मोबाइलवर सल्लेही सुटतात. सध्या इंजेक्टरबद्दल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाबद्दल, फिरतोय तो असा: ‘डिझेल इंजेक्टरला मल्टिमीटर लावा, विजेचा रोध मोजा. 12 ते 16 ओहम आला तर चांगला, कमी आला तर जळाला. खात्रीसाठी बॅटरीचे 12 व्होल्ट द्या, टक् आवाज आला पाहिजे. पंप-नोझलवाल्याला पैसे कशाला?’

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने हे मनावर घेतलं. गाडी धडधडत होती. चारही इंजेक्टर एक ओहमच्या आत, म्हणून हा चारही नवे टाकायला निघाला. अरे, चौघे एकाच दिवशी सारखेच कसे जळतील?

12 ते 16 हा आकडा पेट्रोल गाड्यांचा. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत. तिचा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारा, इंजेक्टर बहुधा अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाखवतो. मीटरच्या वायरींचाच दोन-तीन दशांश ओहम असतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. स्वस्तातल्या मीटरवर 0.3 आणि 0.4 मधला फरक मी तरी मानत नाही. पिझो इंजेक्टर, म्हणजे कॉइलऐवजी विजेने ताणला जाणारा स्फटिक असलेला, असेल तर दीडशे-दोनशे किलोओहम येतात. मेसेजच्या हिशोबाने त्याचं काय करायचं?

होडीवाल्यांनी तर हा मेसेज वाचूही नये. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात इंजेक्टरला वायरच नसते. डिझेलच्या दाबाने, साधारण 200 बारला, टोकाचा नोझल उघडतो. मीटर टेकवणार कुठे?

आता खरी गोम. आकडा बरोबर आला तरी इंजेक्टर चांगला ठरत नाही. मीटर कॉइल सांगतो, नोझल नाही. नळाची चावी फिरते म्हणून वॉशर धड आहे असं कोण म्हणेल? नोझल ठिबकतोय, फवाऱ्याऐवजी धार मारतोय, आतून झिजून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या नळीत, जास्त डिझेल सोडतोय, पाणी मिसळलेल्या डिझेलने सुई गंजलीय, यातलं काहीही ओहममध्ये दिसत नाही. त्यासाठी यांत्रिक नोझल हातपंपाच्या टेस्टरवर चढवतात, कॉमन रेलच्या रिटर्नला बाटल्या लावून कोण किती सोडतो ते बघतात.

आणि ते 12 व्होल्ट! 0.3 ओहमला 12 व्होल्ट म्हणजे 40 अँपिअर. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, त्याहून जास्त व्होल्ट देतो खरा, पण क्षणाच्याही लहानशा भागापुरते, आणि करंट आवरून धरतो. बॅटरीला ते कळत नाही. कॉइल जळते. पिझोच्या वाटेला तर जाऊच नका.

मीटर फेकून द्या असं नाही. एकच इंजेक्टर बाकी तिघांपेक्षा वेगळा दिसला, पूर्ण ओपन (आतली वायर तुटलेली) निघाला किंवा त्याची पीन बॉडीशी जोडलेली दाखवली, तर तो दोषी. पिकअपचं तसं काही नव्हतं. तिसऱ्याच्या सॉकेटात खाऱ्या हवेने पीन हिरवी पडली होती. घासली, सॉकेट बदललं, गाडी शांत.

एक राहिलं. जुन्या इंजिनाचा पाइप सैल करून ‘कुठला सिलिंडर मेलाय’ बघायची सवय कॉमन रेलवर नको. तिथे दाब 1600 बारच्या घरात जातो. धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढीच दिसते, तरी त्याच घटकेला इस्पितळ गाठावं लागतं.