सोलापुरात सफरचंद लागलं, मग थंडीचा हिशोब कशाला? – एका कमेंटला उत्तर

दादा, कमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळीत न उरकता सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सफरचंद, पीच, पिस्ता अशा झाडांना हिवाळी झोपेतून उठून नीट फुटायला ठराविक तास थंडी लागते, ती आपल्याकडे मिळते का ते बघूनच रोपं घ्या. त्यावर दादा म्हणतात, हे सगळं पुस्तकी आहे, सोलापूरकडं पाहुण्यांच्या शेतात हरिमन-९९ या सफरचंदाच्या जातीला फळं लागलीत, निफाडला पारा पाच-सहावर येतोच, नाहीच भागलं तर मुळाशी बर्फ टाकू नायतर सायनामाइड (कोंब फुटावेत म्हणून लावतात ते औषध) मारू, तुम्ही उगाच शेतकऱ्याला घाबरवू नका.

पाहुण्यांच्या झाडाला फळं लागली असणार, त्यात मला शंकाच नाही. हरिमन शर्मांनी ही जात काढलीच मुळी हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, सखल गरम भागात, आणि त्यासाठी २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ही कमी थंडीत भागवणारी जात आहे. तिच्यावरून 'सफरचंदाला थंडी लागतच नाही' असं कसं म्हणता येईल? शिमल्याकडच्या डेलिशस जातींना साधारण हजार तास लागतात, इस्रायलच्या अॅना जातीला दोन-तीनशेत भागतं. रोपवाला दोन्हीला 'सफरचंद'च म्हणून विकतो, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे, पाहुण्यांशी नाही.

आता निफाड. पारा सहावर येतो खरा, पण किती वेळ? पहाटेचे काही तास, ते पण मोजक्या रात्री, आणि दुपारी तिथंच २७-२८ अंश असतात. जुनी पद्धत नुसते सव्वासात अंशाच्या खालचे तास मोजायची. नंतर अमेरिकेत यूटामध्ये पीचवर काम करणाऱ्यांनी १९७४ साली हिशोब बदलला, त्यात अडीच ते नऊ अंशाच्या तासाला पूर्ण मार्क आणि १८ च्या वर गेलं की उलट मार्क वजा. म्हणजे रात्री कमावलेलं दुपारी उडवलं. गरम भागात हा हिशोब जरा जास्तच कडक पडतो, म्हणून इस्रायलवाल्यांनी वेगळं मॉडेल बसवलं, त्यात एकदा पक्की जमा झालेली थंडी नंतरच्या उन्हानं जात नाही, पण जमा होण्याआधीची मात्र जाते. या दोन्ही नव्या पद्धतींनी मोजा, आपल्या दुपारी आडव्या येतातच. आणि गंमत म्हणजे काश्मीरची उणे दहाची रात्रही या नव्या हिशोबात जवळपास शून्य, कारण झाडाला गोठणारी नाही तर फ्रीजसारखी थंडी हवी असते.

थंडी कमी पडली तर झाड मरत नाही, इथंच सगळे फसतात. झाड हिरवं दिसतं, फक्त डोळे (फांदीवरच्या कोंब फुटायच्या जागा) मागे-पुढे फुटतात, शेंड्याला पानं आणि खाली उघडी काडी, फुलं महिनाभर रेंगाळतात, एकाच फांदीवर लिंबाएवढं फळ आणि शेजारी कळी. असा माल तोडायचा कधी आणि विकायचा कुणाला? पिस्त्यात तर अजून वाईट, कारण नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. कॅलिफोर्नियात २०१४-१५ चा हिवाळा उबदार गेला, नर आणि मादी झाडांच्या फुलांची वेळ जुळली नाही, आणि २०१५ ला पीक आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं, वर भरपूर कवच आतून रिकामी. तिथं पैसा, पाणी, शास्त्रज्ञ सगळं होतं बरं का.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. इंडोनेशियात जावा बेटावर, मलंगजवळ बातू म्हणून डोंगराळ गाव आहे, तिथं थंडी अशी नाहीच, तरी रोम ब्यूटी सफरचंदाची वर्षात दोन पिकं घेतात. कसं, तर तोडणी झाली की काही आठवड्यांनी सगळी पानं हातानं ओरबाडतात, त्यामुळे झाड गाढ झोपायच्या आतच पुन्हा फुटतं. म्हणजे थंडीला बगल देता येते, पण मजूर, वेळ आणि उंचीचं गणित बसवून. 'लावा आणि विसरा' असं तिथंही नाही.

बर्फाचं सांगतो. थंडी मोजतो तो डोळा, मूळ नाही. मुळाशी टाकलेल्या बर्फानं फक्त बर्फवाल्याचं भलं होईल.

आणि सायनामाइड, ते नाशिकवाल्यांना मी काय शिकवणार, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना ते पेस्ट करून फूट एकसारखी काढणं तिथं रोजचं आहे. पण द्राक्षाची थंडीची भूकच कमी. सफरचंदात ते कमी पडलेली थोडी थंडी भरून काढतं, सगळीच नाही, आणि वेळ किंवा डोस चुकला तर डोळेच जळतात. शिवाय ज्यानं पेस्ट केलीय त्यानं त्या संध्याकाळीच काय, पुढचे काही दिवस, लेबलवर लिहिले असतील तितके, दारूला हात लावायचा नाही, ते औषध अंगात असताना दारू पोटात गेली की छाती धडधडते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, आणि हे मजुरांना कुणी सांगत नाही.