घरी परतलेल्या फौजीचा चित्रपट

१९९७ साली ‘बॉर्डर’ लागला, तेव्हा आमच्या घरची नऊ माणसे एकदम साताऱ्याला तो बघायला गेली होती. माझे चुलते, म्हणजे आप्पा, श्रीलंकेतल्या यादवीत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेबरोबर १९९० मध्ये परतले आणि दोन वर्षांनी पेन्शनवर आले. त्यामुळे फौजीला फौजेचा पिक्चर दाखवायचा, असा सगळ्यांचा उत्साह होता. पडद्यावर तोफा धडधडू लागल्यावर त्यांचे कसे होईल, याची काकीला धास्ती होती. प्रत्यक्षात आप्पा त्याआधीच, घरून आलेल्या पत्रांचे गाणे सुरू झाले तेव्हा उठले. बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले आणि चित्रपट सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले. त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारले नाही, मीही नाही.

आमच्या घरात एक नियम होता आणि तो काकीने आम्हा पोरांना पाढ्यांसारखा पाठ करून घेतला होता. “आप्पांना हात लावून उठवायचं न्हाई. पायथ्याला उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं.” सकाळी चहाचा कप घेऊन मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहायचे, नाव सांगायचे आणि त्यांचे डोळे ओळखीचे होईपर्यंत थांबायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फटाके सुरू व्हायच्या आत ते डबा बांधून मळ्यातल्या वस्तीवर जात आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर परतत. गाव म्हणायचे, “फौजी माणूस, डोकं गरमच असायचं.” त्यापलीकडे या गोष्टीला आमच्याकडे शब्दच नव्हता. जगाकडेही तो फार लवकर आला असे नाही. ‘शेल शॉक’ हा शब्द १९१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. परंतु युद्धासारख्या आघातानंतर मनात उरणाऱ्या या दुखण्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा मिळायला १९८० साल उजाडावे लागले.

हे आठवण्याचे कारण असे की, आपले बहुतेक युद्धपट तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपाशी किंवा विजयाच्या घोषणेपाशी संपतात आणि जिवंत परतलेल्या माणसाबरोबर कॅमेरा त्याच्या घरापर्यंत जात नाही, ही गोष्ट मला अनेक वर्षे खुपते आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात तर ती अधिकच खुपावी. अपशिंगे मिलिटरी या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि इंग्रजांनी त्यांच्यासाठी तिथे स्मारक उभारले. गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पण त्या युद्धातून जे परत आले, त्यांच्या रात्री कशा गेल्या आणि त्यांच्या घरच्यांनी त्या कशा निभावल्या, हे कुठल्याही दगडावर कोरलेले नसते. ते सांगायला कथा लागते, आणि आज गावोगाव पोहोचणारी कथा म्हणजे चित्रपट.

हे करता येते, याचा पुरावा १९४६ सालचा आहे. विल्यम वायलर यांच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ या चित्रपटात महायुद्ध संपवून तीन सैनिक एकाच शहरात परततात. त्यांतल्या होमरचे दोन्ही हात गेलेले आहेत आणि त्या जागी धातूचे आकडे आहेत. ही भूमिका करणारे हॅरल्ड रसेल यांनी स्वतःच सैन्यात असताना, प्रशिक्षणातल्या स्फोटात दोन्ही हात गमावले होते. लग्न ठरलेली मुलगी आपल्यापासून दूर गेलेली बरी, असे होमरला वाटत असते. एका रात्री तो तिला आपल्या खोलीत नेतो आणि झोपण्यापूर्वी आकडे काढून ठेवल्यावर आपण किती असहाय होतो, हे तिला दाखवतो. मला आता दारही उघडता येणार नाही, असे सांगतो. ती काही समजूत घालत बसत नाही. त्याच्या सदऱ्याची बटणे लावते आणि त्याला पांघरूण घालते. युद्धपटांतल्या सगळ्या शौर्यदृश्यांपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो, कारण सावरणे म्हणजे काय, ते इथे दिसते. सावरणे म्हणजे एका सकाळी खडखडीत बरे होणे नव्हे. दुसऱ्या माणसाला आपली अडचण बघू देणे आणि त्या माणसाने ती बघून तिथेच थांबणे, हे रोज करावे लागते. आमच्या काकीने हा चित्रपट पाहिलेला नाही, पण तिला ते येत होते.

कॅथरीन बिगेलो यांच्या ‘द हर्ट लॉकर’मध्ये बॉम्ब निकामी करणारा जवान इराकहून घरी येतो आणि बाजारात खाऊच्या खोक्यांनी भरलेल्या लांबच लांब फळीसमोर नुसता उभा राहतो. तिथे मला सिनेमागृहाची ती पायरी आठवली.

अशा चित्रपटांनी सैन्याचे मनोबल खचते, असा आक्षेप मी आपल्याच लोकांकडून अनेकदा ऐकला आहे. माझा त्याला मनापासून विरोध आहे. दुसऱ्या महायुद्धात मनाने मोडलेल्या सैनिकांवर रुग्णालयात चाललेल्या उपचारांचा माहितीपट जॉन ह्यूस्टन यांनी खुद्द अमेरिकी लष्करासाठी तयार केला होता. लष्कराने तो सुमारे साडेतीन दशके लोकांपुढे येऊ दिला नाही. कारण रुग्णांच्या खासगीपणाचे दिले गेले. ह्यूस्टन यांचे म्हणणे मात्र असे होते की, लढून आलेला माणूस अधिक कणखर होऊनच परततो, ही समजूत लष्कराला मोडू द्यायची नव्हती. त्या समजुतीची किंमत घरातल्या बायकापोरांनी मोजायची असते. श्रीलंकेत आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले, आणि जे परतले त्यांच्या वाट्याला कौतुकही फारसे आले नाही. ‘तुला हे होणे स्वाभाविक आहे’ एवढे जरी आप्पांना कोणी वेळेवर सांगितले असते, तरी त्यांचे मनोबल वाढलेच असते.

आप्पा जाऊन सहा वर्षे झाली. मराठीत घरी परतलेल्या फौजीचा असा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही आणि तो व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यात एकही गोळी सुटली नाही तरी चालेल. भल्या पहाटे दहा वर्षांची मुलगी वाफाळता कप घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी आहे आणि आपले नाव सांगते आहे, इथून तो सुरू होऊ शकेल. कोणी खरोखर लिहायला बसणार असेल, तर आमच्या गावी या. काकी बोलायला तयार आहे. मी तिला विचारून ठेवले आहे.