पोच : सातारकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सातारकर, नमस्कार.

मोरोक्कोवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते मी तिथल्या संस्था-संघटनांचं फार कौतुक केलं. तिथे जे मिळालं ते राजाने दिलं, त्याला हवं तेव्हा दिलं. स्त्री-संघटना आणि मानवी हक्कवाले म्हणजे दरबारातली झुंबरं. लाखाच्या वर संस्था असून लोकशाही येत नसेल, तर ‘नागरी समाज’ हा शब्दच परदेशी पैशावर फुगलेला फुगा. आणि जाता जाता टोला : ‘लेखक मोरोक्कोला कधी गेले आहेत काय?’

नाही गेलो. फ्रेंच वाचता येतं, तेवढंच भांडवल.

आता ‘राजाने दिलं’ याबद्दल. तुम्ही दाखला दिलात तो कुटुंब कायद्याचा, म्हणजे मुदव्वनाचा. १० ऑक्टोबर २००३ला राजे मोहम्मद सहावे संसदेत उभे राहिले, सुधारणा जाहीर केल्या आणि २००४मध्ये कायदा झाला : लग्नाचं वय १८, सज्ञान बाईला लग्नासाठी वडील-भावाच्या संमतीची सक्ती नाही, एक बायको असताना पुरुषाला दुसरं लग्न करायचं तर कोर्टाची परवानगी. तारीख पाहिली तर दान राजाचंच. पण त्या भाषणातल्या मागण्या आल्या कुठून? १९९२मध्ये एका स्त्री-संघटनेने याच कायद्यासाठी दहा लाख सह्यांची मोहीम उघडली, तेव्हा गादीवर त्यांचे वडील दुसरे हसन होते. धर्ममार्तंड खवळले. हसन यांनी बायकांना सांगितलं की हा विषय रस्त्यावर आणू नका. मी ‘अमीर अल-मुमिनीन’ आहे, श्रद्धावंतांचा प्रमुख, तेव्हा माझ्याकडे आणा. १९९३मध्ये किरकोळ बदल झाले, तेही संसदेला बाजूला ठेवून. पुढे १२ मार्च २००० रोजी एकाच दिवशी दोन मोर्चे निघाले. सुधारणांच्या बाजूचा रबातमध्ये, विरोधातला कासाब्लांकात, आणि विरोधातला मोठा होता. मग १६ मे २००३चे कासाब्लांकातले बॉम्बस्फोट झाले, सुधारणांना विरोध करणाऱ्या इस्लामवादी पक्षाला बचावाचा पवित्रा घ्यावा लागला आणि पाच महिन्यांत राजाचं भाषण झालं.

म्हणजे मुहूर्त राजाचा, यात वाद नाही. पण पीठ कोणी मळलं ते सोडून फक्त भाकरी कोणी वाढली एवढंच तुम्ही पाहता. (भाकरी पूर्ण भाजलेली नव्हती, हेही खरं. न्यायाधीशाला अपवाद करायची मुभा ठेवल्यामुळे अल्पवयीन मुलींच्या लग्नाचे बहुतेक अर्ज मंजूर होत राहिले.)

सत्यशोधन आयोगाबाबत मात्र तुमचा संताप मला समजतो. १९५६ ते १९९९ या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला २००४मध्ये आयोग नेमला गेला. त्याच्याकडे सोळा हजारांहून जास्त प्रकरणं आली. डिसेंबर २००४मध्ये छळ सोसलेली माणसं सरकारी टीव्हीवर बोलली. अरब जगात असं आधी घडलं नव्हतं. अट एकच होती : छळ करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही याला ‘फार्स’ म्हणालात. तिथल्याच मानवी हक्क संघटनेला, एएमडीएचला, ही अट मान्य नव्हती. तिने २००५मध्ये स्वतःच्या जनसुनावण्या घेतल्या आणि तिथे नावं घेतली गेली. त्यामुळे फार्स म्हणायचं असेल तर त्यावर शिट्ट्या मारणारे प्रेक्षक त्याच थिएटरात होते, हेही सांगा.

आयोगाचे अध्यक्ष द्रिस बेनझेक्री. हे गृहस्थ हसन यांच्या काळात सतरा वर्षं तुरुंगात होते. सुटल्यावर पूर्वीच्या कैद्यांना एकत्र करून १९९९मध्ये त्यांनी ‘सत्य आणि न्याय’ या नावाचा मंच उभा केला. त्या लोकांनी पुढच्याच वर्षी ताझमामार्तपर्यंत यात्रा काढली. हसन यांच्याविरुद्धच्या बंडांतले अठ्ठावन्न सैनिक १९७३मध्ये अंधारकोठड्यांत टाकले होते आणि निम्मे जिवंत परतले नाहीत, तो हा तुरुंग. अशा माणसाला राजाने बोलावून आयोगाच्या खुर्चीत बसवलं. जुन्या सोबत्यांपैकी काहींनी त्यांना गद्दार ठरवलं, काहींना वाटलं की आतून जेवढं निघेल तेवढं काढावं. २००७मध्ये ते वारले. मला त्यांच्याबद्दल अजून ठाम मत बनवता आलेलं नाही. तुम्हाला एका ओळीत ते जमलं याचं नवल वाटतं.

राजवाडा आणि त्याच्याभोवतीचं सत्तेचं जाळं यांना तिथे मखझेन म्हणतात. मूळ अर्थ कोठार. आपला ‘खजिना’ त्याच अरबी धातूतला. मागणी कोठारात जाते आणि काही वर्षांनी शिक्का मारून बाहेर येते, दान म्हणून. मागणारा एक तर कोठारात सामावतो, नाही तर दाराबाहेर राहतो. मूळ लेखात मला हेच सांगायचं होतं, ते नीट सांगता आलं नाही हा दोष माझा.

दाराबाहेर ठेवण्याची रीत तुम्ही विचारलीच नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. १५ नोव्हेंबर १९५८च्या फर्मानानुसार मोरोक्कोत संस्था काढायला परवानगी लागत नाही. कागद दाखल करायचे, अधिकाऱ्याने पोच द्यायची, झालं. २००२च्या दुरुस्तीने तर तात्पुरती पोच जागच्या जागी आणि पक्की साठ दिवसांत द्यावी असं म्हटलं. कागदावर हा कायदा कुणालाही हेवा वाटावा असा आहे. प्रत्यक्षात स्थानिक अधिकारी नको त्या संस्थेचे कागद घेतच नाही, किंवा घेतो आणि पोच देत नाही. नकार लेखी नसतो. पोच नाही म्हणून बँकेत खातं नाही, सभागृह मिळत नाही. बंदी घातली असं कुणाला म्हणताही येत नाही. आपल्याकडे आवक-जावकच्या खिडकीशी उभं राहून ज्याने शिक्क्यासाठी हात जोडले आहेत, त्याला ही सत्ता वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथे हा आळस नाही, धोरण आहे. एएमडीएचच्या शाखांमागून शाखा अशाच लटकल्या. आणि परदेशी पैशाचं म्हणाल, तर जुलै २०१४मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी संसदेत हक्क-संघटनांवर हाच आरोप केला होता. त्यानंतर एएमडीएचच्या सभांवर बंदी येऊ लागली. तुमचं वाक्य आणि त्यांचं वाक्य शेजारी ठेवून पाहा, थोडं अवघडल्यासारखं होईल.

आता ज्या बायकांना झुंबरं म्हणता येणार नाही त्यांच्याकडे वळतो : सुलालियात, म्हणजे सामायिक जमिनींवर राहणाऱ्या टोळ्यांतल्या बायका. मोरोक्कोत सुमारे दीड कोटी हेक्टर जमीन टोळ्यांच्या सामायिक मालकीची, आणि १९१९पासून तिचं पालकत्व सरकारकडे, पुढे गृहखात्याकडे. शहरं वाढली, जमिनी विकल्या गेल्या, आणि मोबदला वाटला तो पुरुषांना. बायकांना काही नाही. विधवा आणि अविवाहित मुली तर कधी कधी राहत्या घरातूनही बाहेर. २००७च्या सुमारास केनित्राजवळच्या टोळ्यांतल्या बायका याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरींना वाचता येत नव्हतं. रबातच्या एका स्त्री-संघटनेने त्यांना कायदा आणि निवेदनं शिकवली. संसदेसमोर धरणं धरायला बायका स्वतः बसल्या. २००९पासून गृहखात्याची परिपत्रकं निघाली की बायकांनाही वाटा द्यावा. २०१९मध्ये कायद्यातच समान हक्क आला. अंमलबजावणीत गावचे पंच अजून खोडा घालतात, पण हक्क लेखी आहे.

पोच अडवून धरणारे स्थानिक अधिकारी ज्या गृहखात्याचे, परिपत्रक काढणारंही तेच गृहखातं! बायकांनी वाटा मागितला तेव्हा खात्याने दिला, कारण वाटा दिल्याने जमिनीवरचं पालकत्व सुटत नव्हतं.

पालकत्वालाच हात घातला की काय होतं ते रीफच्या डोंगराळ भागात दिसलं. २८ ऑक्टोबर २०१६ला अल होसैमात मोहसीन फिक्री हा मासेविक्रेता, जप्त केलेली मासळी वाचवायला गेला आणि कचरागाडीच्या यंत्रात चिरडला गेला. त्यातून उठलेल्या ‘हिराक’ची, म्हणजे आंदोलनाची, नोंदणी कुठेच नव्हती, मागण्या होत्या दवाखाना, विद्यापीठ, रोजगार. पोच मागितलीच नाही तर अडवणार काय आणि सामावून घेणार कुणाला? नेता नासेर झेफझाफी याला २०१८मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. २०२५च्या शरदात डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमलेली तरुण मुलं पुन्हा दवाखान्यांसाठीच रस्त्यावर आली, फुटबॉल विश्वचषकाची स्टेडियमं बांधायला पैसा आहे तर इकडे का नाही म्हणत. त्यांच्याबद्दल इतक्यात निकाल देण्याची मला घाई नाही, तुम्हीही करू नका.

म्हणून लाखभर संस्था असून लोकशाही का आली नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यावरून संस्था पोकळ ठरतात, हे मात्र चूक. शाळा, पाणी, साक्षरता यांत गुंतलेल्या बहुतेक संस्थांना राज्य हात लावत नाही, उलट पैसे देतं. ज्या मोजक्या संस्था हिशोब मागतात, त्यांच्यासाठी ती खिडकी बंद असते.

एक चूक तुम्ही दाखवलीत ती बिनशर्त मान्य. २०११च्या आंदोलनानंतर आलेल्या राज्यघटनेने मंत्रिमंडळ नेमण्याचा अधिकार राजाकडून काढून घेतला, असं मी लिहून बसलो होतो. कलम ४७ एवढंच म्हणतं की निवडणुकीत पहिल्या आलेल्या पक्षातून राजाने सरकारप्रमुख नेमावा. त्याच्या शिफारशीवरून मंत्री नेमतो तोही राजाच. शिवाय कलमात पक्ष आहे, पक्षाचा नेता नाही. २०१६ची निवडणूक जिंकूनही पहिल्या आलेल्या पक्षाचे नेते बेनकिरान यांना पाच महिने सरकार बनवता आलं नाही, तेव्हा राजाने त्याच पक्षातल्या ओथमानींना बोलावलं आणि घटनेचं अक्षर न अक्षर पाळलं गेलं. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. दुरुस्तीखाली ‘सातारकर’ असं लिहिलंय. खरं नाव कळवलंत तर तेही घालीन, आणि हो, पोच देईन.